केटल बेचं चालू प्रकरण

तेंडोलकर काकांनी मला पहिलं पत्र दिलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांपासून तीन फुटांवर उभे होतो. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरीत नुकतंच बर्फ वितळून गवत दिसायला लागलं होतं. मी ऑफिसला निघाले होते आणि शेजारच्या ड्राइव्हवेमधून हाफ स्वेटर घातलेले एक गृहस्थ माझ्याकडे चालत आले. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. खिशातून चार घड्यांचा कागद काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि मी तो वाचून संपवेपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले. कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "विषय: आपल्या गाडीचा मागील डावा दिवा बंद असल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयी आपणांस कळविण्यात येते की..."

"अहो काका, तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं ना," मी म्हटलं.

"तोंडी नको. तोंडी सांगितलेलं उद्या कोणी नाकारलं तर?"

"माझ्याच गाडीचा दिवा मी काहून नाकारू?"

या प्रश्नाला उत्तर देणं त्यांना गरजेचं वाटलं नाही. त्यांनी त्याच पत्राची दुसरी प्रत काढली, वर पेन ठेवलं आणि म्हणाले, "पोच द्या." मी सही केली. तारीख घालायची राहिली म्हणून परत बोलावून तारीख घालून घेतली. त्या दिवशी मीटिंगला मी अकरा मिनिटं उशिरा पोचले. दिवा खरोखरच बंद होता, त्यामुळे मला नीट रागावताही येईना.

काका कुडाळचे. भूमी अभिलेख खात्यात, म्हणजे लोक ज्याला साधं मोजणी ऑफिस म्हणतात तिथे, त्यांनी सदतीस वर्षं काढली. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या, नकाशे करायचे. काकू गेल्या तेव्हा मुलगा मिलिंद त्यांना इकडे घेऊन आला. माणूस कुडाळातून निघाला खरा, पण ऑफिस बरोबर घेऊनच विमानात बसला असावा. मिलिंदच्या बेसमेंटमध्ये त्यांनी एक टेबल मांडलं आहे. त्यावर एक आवक वही, एक जावक वही, टाचण्यांची डबी आणि लाल नाडीनं बांधलेल्या फायली. इकडे लाल नाडी मिळत नाही, म्हणून सूनबाईंच्या जुन्या परकराची नाडी काढून घेतली. रीतसर अर्ज करून.

घरातसुद्धा हाच कारभार. फ्रिजवर मॅग्नेटखाली एक चिठ्ठी असते: "विषय: दुपारचा चहा साडेतीनऐवजी चार वाजता मिळत असल्याबाबत. स्मरणपत्र क्रमांक दोन." त्यांची सून रश्मी गुणाची आहे, ती खाली "मंजूर" लिहून सही करते आणि चहा पुन्हा चारलाच देते. काका खूश. "चहाचं काय एवढं," ते मला म्हणाले, "कार्यवाही झाली ना?"

पलीकडे गॅरी नावाचा अमेरिकन राहतो. एका शनिवारी काकांनी टेप घेऊन त्याचं कुंपण मोजलं आणि त्याला इंग्रजीत पत्र दिलं. गॅरी पांढराफटक पडून मिलिंदकडे धावला. त्याला वाटलं आपल्यावर केस झाली. मिलिंदनं वाचून पाहिलं तर काकांचं म्हणणं इतकंच होतं की गॅरीनं कुंपण स्वतःच्याच जागेत नऊ इंच आत घातलं आहे, त्यात त्याचं नुकसान आहे, आणि शेजारधर्म म्हणून ते निदर्शनास आणून देण्यात येत आहे. गॅरीनं कुंपण हलवलं नाही. पण तेव्हापासून तो काकांना लांबूनच सॅल्यूट करतो.

आता मुख्य गोष्ट सांगते. काकांना दोन मुलं. मिलिंद इथे आणि शिल्पा ऑस्ट्रेलियात. शिल्पाची मुलगी इरा, वय वर्षं नऊ. काकू होत्या तोवर दर रविवारी कुडाळहून इराला फोन जायचा आणि तो तासभर चालायचा. काकूंचं सगळं तोंडी होतं. काका मागे खुर्चीत बसून ऐकायचे आणि शेवटी "अभ्यास कर" म्हणायचे. काकू गेल्यावर फोन काकांच्या हातात आला. इरा म्हणायची, "हाय आजोबा. आय ॲम गुड. बाय आजोबा." काका म्हणायचे, "अभ्यास कर." संपला फोन. काकांनी डायरीत प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवली होती आणि ती डायरी मी पुढे पाहिली. चाळीस सेकंद, पस्तीस सेकंद, पन्नास सेकंद. पानभर एकही फोन मिनिटाच्या वर गेलेला नव्हता.

मग गेल्या वर्षी शिल्पानं नोकरी बदलली आणि ते लोक समुद्रकाठच्या एका छोट्या गावात राहायला गेले. गावासमोर एक लहानसा उपसागर आहे, त्याला केटल बे म्हणतात. पहिल्या रविवारी इरानं नवीन घर दाखवलं, खिडकीतून पाणी दाखवलं, आणि बोलायला आणखी काही सुचेना म्हणून विचारलं, "आजोबा, याला केटल बे का म्हणतात?"

नातीनं आजोबांना विचारलेला हा पहिला प्रश्न. काकांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "चौकशी करून कळवतो."

पुढच्या रविवारी काकांनी फोन लावायच्या आत तिचा फोन आला. "आजोबा, एनी न्यूज?" त्या दिवशी ते साडेचार मिनिटं बोलले. काकांनी डायरीत आकड्याखाली रेघ मारली आणि सोमवारी सकाळी मसुदा घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"मॅडम, तुम्हाला टायपिंग येतं?"

काका मला मॅडम म्हणतात. मी त्यांच्या मुलीच्या वयाची आहे, मला मृणाल म्हणा, असं मी शंभरदा सांगितलं. "घरगुती संबंध वेगळे, कामकाज वेगळं," हे त्यांचं उत्तर. ईमेल त्यांना मान्य नाही. मी टाइप करायचं, प्रिंट काढायचं, त्यांनी सही करून पोस्टात टाकायचं आणि उत्तरही पोस्टानंच यायचं. मिलिंदनं सांगून पाहिलं की बाबा, गूगल करा. "गूगल कुठल्या खात्याचा?" काकांनी विचारलं.

पत्र गेलं ते त्या गावच्या लायब्ररीतल्या इतिहास विभागाला. विषय: केटल बे या नावाच्या उगमाबाबत. अर्जदार: कुमारी इरा, वय वर्षे नऊ. मार्फत: आजोबा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, पोस्टकार्डावर, मागे पेलिकन पक्ष्याचं चित्र. लिहिलं होतं की हॅलो मिस्टर टी, किती गोड पत्र, मी जरा उकरून बघते, चीअर्स, बेव्ह.

काका अस्वस्थ झाले. विषय नाही, संदर्भ नाही, जावक क्रमांक नाही, सहीच्या वर चीअर्स. त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पेलिकनकडेही पाहिलं. "ही बाई कायम आहे की हंगामी?" त्यांनी मला विचारलं. मी चौकशी केली. बेव्हरलीबाई पंचाहत्तरीच्या होत्या आणि तिथे आठवड्यातून तीन दिवस हौसेनं बिनपगारी काम करत होत्या. "म्हणजे हिच्यावर कारवाईसुद्धा होऊ शकत नाही," काका म्हणाले आणि थोडे खचले.

पण तपास थांबला नाही. दर रविवारी इराला काहीतरी सांगायला हवं होतं ना. रविवार तिचा, आमच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. त्यामुळे शुक्रवारपर्यंत नवीन माहिती हाती पाहिजे, अशी माझ्या डोक्यावर टांगती तलवार. बरं, मला नाही म्हणता येईना. मी दिवसभर सॉफ्टवेअर तपासते, उघडा राहिलेला प्रश्न मला बघवत नाही.

पहिला अंदाज शिल्पाचा: कोणी कॅप्टन केटल असेल. काकांनी बेव्हरलीबाईंना विचारलं. त्यांनी जुनी जहाजांची यादी पाहून कळवलं की या नावाचा एकही कप्तान त्या किनाऱ्यावर आलेला नाही. दुसरा अंदाज मिलिंदचा: किटलीसारखा आकार असेल. झालं. काकांनी माझ्याकडून सॅटेलाइटचं चित्र प्रिंट करून घेतलं, ग्राफ पेपरवर किनारा उतरवला आणि मला म्हणाले, "आता किटल्या पाहायला हव्यात."

माझ्याकडची एक किटली त्यांनी मोजली. एका किटलीवरून निष्कर्ष काढता येत नाही म्हणून मला त्यांना दुकानात न्यावं लागलं. तिथे हा माणूस शेल्फसमोर उकिडवा बसून टेपनं किटल्यांच्या तोट्या मोजतो आहे, मी बाजूला वही धरून आकडे लिहून घेते आहे. दुकानातला मुलगा आला, काही मदत हवी का म्हणाला. काका टेपवरची नजर न काढता म्हणाले, "सर्व्हे." तो मुलगा गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. लाजेकाजेस्तव मी एक किटली विकत घेतली. तिचं झाकण नीट बसत नाही.

त्या रविवारी काकांनी इराला आकार बसत नसल्याचं सांगितलं. तोटी आहे, पण मूठ नाही. इरानं खिडकीतून पुन्हा पाहिलं आणि म्हणाली की संध्याकाळी भरती ओसरली की मूठ दिसते. झाला वाद सुरू. सतरा मिनिटं.

तिसरा अंदाज खुद्द इराचा: सकाळी पाण्यावरून धुकं निघतं, ते किटलीच्या वाफेसारखं दिसतं. काकांनी तो अंदाज गांभीर्यानं घेतला आणि निरीक्षणासाठी तिला एक तक्ता पाठवला. प्रपत्र अ. रकाने पाच: तारीख, वेळ, धुके आहे किंवा नाही, वाऱ्याची दिशा, शेरा. पंधरा दिवसांनी तो भरून परत आला. धुक्याच्या रकान्यात डॉल्फिनचे स्टिकर होते. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "आईनं टोस्ट जाळला." एके दिवशी, "आज मला उठायचं नव्हतं." काकांनी चष्मा लावून सगळे शेरे वाचले, टोस्टचासुद्धा. मग तो तक्ता फायलीत लावला आणि आवक वहीत त्याची नोंद केली.

एक प्रश्न मात्र काकांनी स्वतःच्या डोक्यानं विचारला होता आणि त्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटलं. "नकाशे करणारे येण्याआधी तिथे माणसं राहत होतीच ना?" ते म्हणाले. "मी कुठलंही गाव मोजायला गेलो तर तिथल्या माणसांचं नाव आधीच असायचं. ते विचारल्याशिवाय लिहायचं नाही." बेव्हरलीबाईंनी उत्तर दिलं की हो, या पाण्याला इथल्या मूळ लोकांचं फार जुनं नाव आहे, पण ते त्यांचं आहे, त्यांनीच सांगावं, मी त्यांच्या वतीनं पत्रात लिहिणार नाही. काकांनी ते दोनदा वाचलं. "योग्य आहे. तिच्या अधिकारात नाही." त्यांनी इराला सांगितलं की तुझा प्रश्न धाकट्या नावाबद्दल आहे, थोरलं नाव वेगळं आहे. इरा म्हणाली की शाळेत एक आँटी येतात, त्या त्यांच्यापैकी आहेत, मी त्यांना विचारीन. चोवीस मिनिटं.

असा हिवाळा गेला. बर्फ काढता काढता मी किटलीचा विचार करायला लागले होते. मार्चनंतर मात्र गाडी अडली. काका दर तीन आठवड्यांनी एक स्मरणपत्र पाठवायचे आणि बेव्हरलीबाईंचं एका ओळीचं उत्तर यायचं: "आपले पत्र मिळाले. विषय विचाराधीन आहे." पेलिकन गेला, चीअर्स गेलं. काकांच्या संगतीनं बाईंना खात्याची भाषा जमली, असं म्हणून मी हसले. पण एप्रिल गेला, मे गेला, जून, जुलै, ऑगस्ट गेले, तरी विषय विचाराधीनच. मी सातवं स्मरणपत्र टाइप केलं. आठवं केलं. काका इराला सांगायचे, "अजून उत्तर नाही बाळा, पण पाठपुरावा चालू आहे," आणि मग ती दोघं तर्क लढवत बसायची. काका बिलकुल चिडत नव्हते. सगळी चिडचिड मीच करत होते.

"काका, ही बाई काय करून राहिली? सहा महिने?" मी एकदा म्हटलं. "मी सरळ ईमेल करते तिला."

काका एकदम उभे राहिले. "नको. अजिबात नको. मध्येच घुसायचं नाही. प्रकरण योग्य मार्गानं चाललंय."

"कुठे चाललंय? बसलंय."

"मॅडम, तुम्ही टायपिंग बघा," ते म्हणाले. इतक्या तुसडेपणानं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

आता मला असं कोणी म्हटलं की झालंच. मी नागपूरची आहे. घरी येऊन लॅपटॉप उघडला, लायब्ररीचा पत्ता शोधला आणि बेव्हरलीबाईंना खरमरीत ईमेल लिहिली. एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आणि एक लहान मुलगी इतके महिने वाट पाहतात, निदान माहीत नाही एवढं तरी कळवा. रागाच्या भरात पाठवूनही टाकली.

सकाळी उत्तर आलं होतं. बाईंनी लिहिलं होतं: "मला वाटलं तुला माहीत असेल. मी उत्तर मार्चमध्येच पाठवलंय, तीन पानं, जुन्या कागदांच्या फोटोसकट. त्यावर मिस्टर टी यांचं पत्र आलं की उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार, मात्र पुढील सूचना मिळेपर्यंत प्रत्येक पत्राला विषय विचाराधीन एवढंच कळवावं ही विनंती. शब्दसुद्धा त्यांनीच घालून दिले. मी कारण विचारलं नाही. माझीही नातवंडं आहेत, पर्थला, तिकडच्या टोकाला."

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा भडकले. माझ्याकडून आठ-आठ स्मरणपत्रं टाइप करून घेतली या माणसानं, आणि उत्तर टेबलाच्या खणात. दुसऱ्यांदा वाचताना राग जरा उतरला. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला ती चाळीस सेकंदांची डायरी आठवली.

मी ईमेलचं प्रिंट काढलं आणि शेजारी गेले. काका ड्राइव्हवेमध्ये पानं झाडत होते. मी कागद दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, घडी घातली, स्वेटरच्या खिशात ठेवला आणि गॅरेजच्या पायरीवर बसले. मीही बसले.

"ऑफिसात पाहिलंय मी," ते म्हणाले. "प्रकरण चालू असलं की माणूस रोज येतो. बाकावर बसतो. मुलाबाळांची चौकशी करतो, घरच्या कैऱ्या आणून देतो. निकाल लागला, नकाशा हातात पडला, की तोच माणूस बाजारात भेटला तरी ओळख दाखवत नाही. त्याची तरी काय चूक. त्याचं काम संपलं."

"अहो पण काका, ती नात आहे तुमची."

"मला बोलायला येत नाही, मृणाल." पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली. "हिला यायचं. ही नुसत्या आमटीवर पाऊण तास बोलायची, आणि ती पोर खिदळायची. मी मागे बसून ऐकायचो. मला वाटायचं, या बायका किती वेळ घालवतात. आता फोन माझ्याकडे आलाय आणि मला विषय लागतो. विषयाशिवाय मी तोंड उघडलं तर काय निघतं? अभ्यास कर." त्यांनी झाडूची काडी ओढून काढली आणि मोडली. "मार्चमध्ये पाकीट आलं तेव्हा आधी आनंद झाला. मग वाटलं, हे सांगितलं की झालं. पुन्हा चाळीस सेकंद."

मी त्यांना म्हटलं की तसं नाही होणार. पण मला तरी कुठे खात्री होती. नऊ वर्षांच्या मुलांना शंभर उद्योग असतात.

काका उठले. पँट झटकली. "सहा महिने निकाल दाबून ठेवला मी. आणि लहान मुलीला दर आठवड्याला खोटं सांगितलं. नोकरीत कोणी असं केलं असतं तर मीच नोटीस काढली असती त्याला. ते काही नाही. येत्या शनिवारी सांगून टाकतो. जे व्हायचं ते होऊ दे. तुम्ही हजर राहा."

शनिवारी संध्याकाळी सहाला मी बेसमेंटमध्ये हजर होते. काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर तीन पानं मांडून ठेवली होती. फोन लागला. तिकडे सकाळचे नऊ, इरा पायजम्यात, केस विस्कटलेले.

"हाय आजोबा. एनी न्यूज?"

"आहे," काका म्हणाले. "उत्तर आलंय. खरं म्हणजे मार्चमध्येच आलं होतं. मी तुला सांगितलं नाही. ते चुकलं माझं."

"व्हाय?"

"मग तू फोन करशील की नाही असं वाटलं म्हणून."

काकांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली.

तर झालं होतं असं. फार पूर्वी त्या किनाऱ्याची मोजणी करायला एक होडी आली. आठ माणसं आणि एक स्वयंपाकी. या उपसागरात होडी वळताना स्वयंपाक्याच्या हातातून किटली पाण्यात पडली. स्वयंपाकी म्हणाला, चहाशिवाय मी एक पाऊल पुढे येणार नाही. दुसरा स्वयंपाकी तिथे कुठून आणायचा? आठही माणसं तीन दिवस किनाऱ्यावर बसून राहिली आणि ओहोटीच्या वेळी चिखलात किटली शोधत राहिली. मिळाली नाही. मोजणीदार प्रामाणिक होता. तीन दिवस काम का झालं नाही, याचं कारण त्यानं आपल्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: किटली, उपसागरात. तो कागद शहरातल्या ऑफिसात गेला. तिथल्या कारकुनानं पाहिलं, जागेच्या नावाचा रकाना रिकामा आहे. रिकामा रकाना वर पाठवायचा कसा? त्यानं शेजारचा शेरा उचलून नावात टाकला. नकाशा छापून आला आणि तेव्हापासून केटल बे.

"दॅट्स इट?" इरा म्हणाली. "कुणाची तरी चूक?"

"चूक म्हणजे..." काका थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. तीन पानांत जे लिहिलं होतं ते संपलं होतं. "मीसुद्धा केलीय अशी. वेंगुर्ल्याकडे एक कातळ मोजायला गेलो होतो. नवीन होतो नोकरीत. तिथे मला कुत्रा चावला. दुपारनंतर काम बंद, इंजेक्शनला गेलो. वहीत शेरा लिहिला, कुत्रा चावला. वर्षभरानं पक्का नकाशा आला तर त्या जागेचं नाव काय? कुत्रा चावला."

पलीकडे इरा जी हसायला लागली ती थांबेचना. पलंगावरून फोन खाली पडला, छत दिसायला लागलं आणि लांबून शिल्पाचा आवाज आला, काय झालं गं. इरा हसत हसत तिला ओरडून सांगत होती की आजोबांना डॉग बाइट झाला आणि आता ते प्लेसचं नाव आहे. मग तिनं फोन उचलला आणि प्रश्नांचा भडिमार केला. कुठे चावला? काका म्हणाले, पोटरीला. दाखवा. काकांनी इस्त्रीची पँट वर करून कॅमेऱ्यापुढे पोटरी धरली. मालक कोण होता, कुत्र्याचं नाव काय होतं, आजी रागावली का. आजी तेव्हा नवी नवरी होती, ती रडली, मग हसली, आणि वर्षभर सगळ्या पाहुण्यांना सांगत सुटली, असं काका म्हणाले. हे मिलिंदलाही माहीत नव्हतं. तो जिन्यात उभा राहून ऐकत होता.

कितीतरी वेळानं इराचं हसू ओसरलं. तिनं केस मागे सारले. "मग आता क्वेश्चन संपला?"

"संपला," काका म्हणाले.

"मग नेक्स्ट संडेला तुम्ही कॉल नाही करणार?"

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोरची पानं नीट एकावर एक लावली, पुन्हा विस्कटली.

"करीन," ते शेवटी म्हणाले. "काही काम नसलं तरी करीन. नुसताच करीन. चालेल?"

"चालेल," इरा म्हणाली. "पण नाइन ओक्लॉक हं, आजोबा. लेट नको."

काकांनी मान हलवली. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. ती कट करत नव्हती आणि हेही करत नव्हते. मी माझी खुर्ची हळूच मागे सारली आणि मिलिंदबरोबर वर आले.